सात नंबरची लवंग

१

वही गेल्याचं नवऱ्याच्या चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. कैनात दुकानातून वर आली ती चप्पल न काढताच आत आली आणि म्हणाली, "अम्मी, अब्बांची वही नाही."

मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले. खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. नवरा गेला तेव्हा वाटलं नव्हतं, तिथं वहीचं काय घेऊन बसलात! त्या दिवशी बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. शेजारीण म्हणाली, हाजराबीला धक्का बसलाय. कसला धक्का आणि कसलं काय. एका पायावर फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, तसं आतून झालं होतं.

भिंगारला आमचं खाली दुकान आणि वर घर. दुकान पाइपच्या तंबाखूचं. विड्या नाहीत, जर्दा नाही, फक्त पाइप. गिऱ्हाईक म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले साहेब लोक. नगर सोडून डेहराडूनला गेले तरी पार्सल आमच्याकडूनच मागवतात. माझा नवरा फक्रुद्दीन पानं आणायचा, काकवीचा हात द्यायचा, मसाला घालायचा, लाकडी दाबात दाबून दोन रात्री मुरवायचा. बरण्यांना नावं नाहीत, नंबर. सगळ्यात मोठं नाव सात नंबरचं. सगळ्यांचे नुस्खे त्या वहीत, त्याच्याच अक्षरात, उर्दूत.

"कुणी नेली असेल?" मी विचारलं.

"मला काय माहीत! आणि नुस्ख्याचं नाही गं एवढं. वही त्यांच्या हातची होती," कैनात म्हणाली आणि तोंड फिरवून रडायला लागली.

नुस्ख्याचं नाही एवढं? ज्या पोरीचं पोट त्या नुस्ख्यावर, ती हे म्हणते? पण मी तेव्हा लक्ष दिलं नाही, तांदळात खडे फार होते.

आता तुम्ही म्हणाल, उठून खाली जावं, चार जणांना विचारावं. कशी जाणार? मी इद्दतीत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परपुरुषासमोर यायचं नाही, नवे कपडे नाहीत, अत्तर नाही. अत्तर मी चार वर्षांपूर्वीच सोडलं होतं म्हणा. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, मोगऱ्याचं लावायचे. हा बाबा जिना चढतानाच "मोगरा" म्हणायचा. मग एकदा म्हणायचा थांबला. दोन-तीन महिने मी वाट पाहिली आणि बाटली कपाटात टाकली. जगाच्या तंबाखूत नाक खुपसणाऱ्याला बायकोचं अत्तर कळेना, याचा मला मनस्वी राग होता. त्याच्या मयतीलाही तो राग माझ्याजवळ होता. रडू आलं नाही ते त्यामुळेही असेल.

तर मी कैनातला सांगितलं, ज्याला विचारायचंय त्याला वर बोलाव. मधे पडदा आहेच. तो बाहेर बसेल, मी आत.

२

पहिला आदिनाथ आला. सोनईचा. वीस वर्षं आमच्याकडे दाबाचं काम करतो. पडद्याखालून मला त्याचे पाय दिसत होते, अंगठ्याने फरशी खरवडत होता.

"चाळिसाव्याच्या दिवशी दुकानात कोण कोण गेलं?" मी विचारलं.

"तीन मानसं, भाभी. एक म्या, भांडी काढाया गेल्तो. दुसरे आप्पासाहेब, त्यांना पाइप भरायचा हुता. अन् तिसरे फैयाजभाऊ. मोबाईल चार्जिंगला लावतो म्हनले."

"वही कुठं होती?"

"खनात. खनाला कुलूप न्हाई, तुमाला ठावं हाय. घरातली मानसं, कुलूप कशाला."

"तू उघडून पाहिलीस?"

"मला उर्दू येती व्हय, भाभी?" त्याला वाईट वाटलेलं आवाजावरून कळलं. "अन् त्या वहीचं काय सोनं करायचं? शेठ सोताच उघडत नव्हते. चार वर्सं झाली."

"का?"

अंगठा थांबला.

"तोंडपाठ असंल," तो म्हणाला. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "भाभी, शेठ देवमानूस. त्यांचं झाकलेलं म्या न्हाई उघडनार. नका इचारू."

"अरे, काय झाकलेलं?"

पाय उठून जिन्याकडे गेले. वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी बोलताना मधूनच उठून गेला नव्हता.

३

दोन दिवसांनी फैयाज स्वतःच आला. हा माझ्या नणंदेचा मुलगा, पुण्यात राहतो, काही ना काही धंदा करत असतो. सोबत आप्पासाहेबांना घेऊन आला. आप्पासाहेब कोपरगावकडच्या साखर कारखान्यात केमिस्ट होते, आता सावेडीला मुलाकडे असतात. आमचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खडूस गिऱ्हाईक. नाक असं की काकवी कुठल्या महिन्यातल्या उसाची तेही सांगतील.

"मामी," फैयाज म्हणाला, "वहीचं ऐकलं, वाईट झालं. पण काळजी करू नकोस. सात नंबर वाचला. मामूंनी नुस्खा मला सांगून ठेवला होता."

"तुला?"

"हो, मला. रमजान ईदनंतरचा जुम्मा आठवतो? मी आलो होतो. नमाज झाल्यावर दुकानात आम्ही दोघंच. त्यांनी सात नंबर पाइपमध्ये भरला, माझ्यासमोर तीन झुरके ओढले. तुला माहिती आहे त्यांची पद्धत. पहिला फुकट, दुसऱ्यात गोडी, तिसऱ्यात मसाला. तिसऱ्याला म्हणाले, 'लवंग बरोबर बसलीये, असंच ठेव,' आणि एकेक जिन्नस वजनासकट सांगितला. मी लिहून घेतलं. चारच्या गाडीने पुण्याला गेलो."

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. पुण्याच्या एका कंपनीला सात नंबर हवा होता, नावासकट. कागद तयार होता. मामूंनी नुस्खा आपल्या खुशीने भाच्याला दिला, आता तो त्याचा, एवढं लिहून मी खाली सही करायची. मग आमच्या दुकानात सात नंबर विकता येणार नव्हता.

कैनात माझ्याशेजारी बसली होती. दुकान सात नंबरवर चालतं. सात नंबर गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की तिची रवानगी कोपरगावला उझैरकडे. माझा थोरला. चांगला आहे, पण तलाक घेऊन आलेल्या बहिणीला स्वयंपाकघरापलीकडे जागा आहे असं त्याला वाटत नाही. तो रविवारी येणार होता, दुकानाचं काय ते ठरवायला. सहा वर्षं ही पोर त्या दुकानात उभी आहे, आणि मी तिला मिटल्या तोंडाने बसलेली बघत होते.

"नमुना आणलाय," फैयाज म्हणाला. "आप्पासाहेब, तुम्हीच सांगा. तुमच्याइतका सात नंबर कुणाला कळतो?"

पडद्यापलीकडे काडी ओढल्याचा आवाज झाला. थोडं दाबल्याचा, मग दुसरी काडी. धूर पडद्याखालून आत आला.

लवंग! दाटून लवंग, मागे जायफळ, खाली काकवीचा करपट गोडवा. पंचवीस वर्षं त्या माणसाच्या सदऱ्याला येणारा वास. मला एकदम तो दारात उभा असल्यासारखं वाटलं आणि लगेच वाटेनासंही झालं.

"सात नंबरच आहे," आप्पासाहेब सावकाश म्हणाले. "शंकाच नाही, वहिनी. पण हा जुना सात नंबर."

"जुना म्हणजे?"

"करोनाच्या आधीचा. त्यानंतर फक्रुद्दीनभाईंनी लवंग निम्म्यावर आणली आणि अंजीर घातलं. सुकं अंजीर भिजवून त्याचं पाणी. मी त्यांना म्हटलंसुद्धा, म्हातारपणी तुमचा हात सुधारला. ते नुसते हसले. गेली चार वर्षं मी तोच ओढतोय. हा तो नव्हे."

"मामूंना जुनी चव परत आणायची होती," फैयाज पटकन म्हणाला. "म्हणून तर ते म्हणाले, लवंग बरोबर."

कैनातने माझा हात घट्ट धरला. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने मान खाली घातली. चोराकडे बघायचं सोडून ही माझ्यापासून तोंड का लपवतेय?

"कागद ठेवून जा," मी म्हणाले. "रविवारी ये."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दूध तापत ठेवलं आणि शेजारी बसले. दूध वर आलं, उतू गेलं, करपलं. कैनात खालून धावत आली.

"अम्मी! सगळ्या जिन्यात वास सुटलाय, तू इथंच बसलीस?"

"बघत होते," मी म्हणाले. "तू मागे एकदा उझैरकडे आठवडाभर गेली होतीस ना, तेव्हा असंच झालं होतं. तुझे अब्बा याच जागी बसून पेपर वाचत होते. दूध करपून भांडं काळं झालं. मी नमाजावरून उठून आले तर हे पान उलटत होते. मी केवढी बोलले त्यांना. घरात लक्ष नाही, माझ्यात लक्ष नाही."

कैनात फडक्याने ओटा पुसायला लागली. पुसलेलाच पुन्हा पुसत होती.

"त्या आठवड्यात त्यांनी माझ्या जेवणाचं कौतुक केलं नाही. एरवी रोज जिन्यातूनच सांगायचे. आज मेथी, आज शेपू, आज खिमा. तू घरी नव्हतीस त्या सात दिवसांत एकदाही नाही. तू परत आलीस त्या दिवशी पुन्हा सुरू. तेव्हा मला वाटलं, माझ्या बोलण्याने सुधारले." मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "कैनात, तुझ्या अब्बांना वास येत होता का?"

ती खाली बसली. फरशीवरच.

"करोनात गेला तो परत आलाच नाही," ती म्हणाली. "त्यांना वाटलं येईल. महिना गेला, वर्ष गेलं. लोबान जाळून बघितला, कांदा फोडून बघितला. काही नाही. मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तंबाखूवाल्याचं नाक गेलं म्हटलं तर कोण येईल दुकानात? आणि तुला तर अजिबात नाही. म्हणाले, तिच्या स्वयंपाकाला मी काय म्हणू मग?"

"आणि सात नंबर?"

"मी करते. आधी वहीबरहुकूम करायचे, पण मला ती लवंग नेहमी जास्त वाटायची. एकदा अंजीर घालून बघितलं. अब्बा म्हणाले, मला काही कळत नाही, तूच माझं नाक. तू म्हणशील ते." तिने नाक ओढलं. "ते कुठंच लिहिलेलं नाही."

मी आदिनाथला पुन्हा वर बोलावलं. पडद्याआडून एवढंच म्हटलं, "मला कळलंय, शेठना वास येत नव्हता." बाहेर अंगठ्याने फरशी खरवडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "पहिल्याच साली एक पोतं बुरसलेलं आलं, भाभी. पार कुबट. शेठ त्यात हात घालून म्हनले, आदिनाथ, झकास पान हाय. म्या व्हय म्हनलो. ते जेवाया वर गेल्यावर पोतं उकिरड्यावर टाकलं अन् दुसरं लावलं. त्यांना कधी कळू दिलं न्हाई."

"कैनातला सांगितलंस?"

"कुनालाच न्हाई."

म्हणजे दुकानात हे दोघं शेजारी शेजारी उभे राहून चार वर्षं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते. आणि मी वर बसून नवऱ्याला शिव्या घालत होते. शाबास हाजराबी!

एक गोष्ट कैनातला विचारायची राहिली होती. तोंडापर्यंत आली, पण मी विचारली नाही. उत्तराची भीती वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं ते हे.

५

रविवारी उझैर आला, आप्पासाहेब आले, फैयाज तर सकाळी दहालाच हजर. आदिनाथ दाराशी. मी पडद्याआड, मांडीवर तो कागद.

"फैयाज," मी म्हणाले, "सही करते. पण मामूंनी काय केलं ते उझैरला एकदा सांग. तो नव्हता ना परवा."

त्याने सगळं पुन्हा सांगितलं. जुम्मा, नमाज, तीन झुरके, लवंग बरोबर, चारची गाडी. एक शब्द इकडचा तिकडे नाही, पाठ करून आल्यासारखा.

"त्या दिवशी तू जेवलास कुठं?" मी विचारलं.

"इथंच. तूच तर बिर्याणी वाढलीस."

"ताटं किती होती?"

तो गोंधळला. "एक. माझं."

"मामू का जेवले नाहीत, ते तू विचारलंस?"

पडद्याखाली त्याचे पाय मागे सरकले.

"नाही विचारलंस. तू मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होतास. बाळा, ईदनंतर सहा रोजे असतात. सक्तीचे नाहीत, खुशीचे. तू ईद झाली की सुटलास, तुझं बरोबर आहे. तुझ्या मामूंनी आयुष्यात ते चुकवले नाहीत. त्या जुम्म्याला त्यांचा रोजा होता, आणि रोज्यात विडी-पाइपही चालत नाही. घोटभर पाणी घेतलं नाही त्या माणसाने, आणि भरदुपारी दुकानात बसून तीन झुरके ओढले? संध्याकाळी ओढले म्हणशील, तर तू चारला गाडीत बसलास. तूच सांगितलंस, दोनदा."

"व्हय," दारातून आदिनाथ म्हणाला. "त्या दिशी शेठ जेवाया वर गेलेच न्हाईत."

"म्हणजे... ओढला नसेल," फैयाज म्हणाला. "नुसता वास घेतला असेल. हां, वास घेऊन म्हणाले. मला आता आठवतंय."

मी कैनातकडे पाहिलं. तिने डोळे मिटून मान हलवली. सांग म्हणाली.

"तुझ्या मामूंना चार वर्षं वास येत नव्हता, फैयाज. लवंग आणि रॉकेल त्यांच्या नाकाला सारखंच होतं."

पडद्यापलीकडून उझैर "काय?" म्हणाला तेवढंच.

"त्यांनी तुला त्या जुम्म्याला नुस्खा दिला असता, तर दुकानात चालू असलेला दिला असता. त्यात अंजीर असतं, लवंग निम्मी असती. तू आणलास तो करोनाच्या आधीचा. तो फक्त एका ठिकाणी लिहिलेला आहे, आणि ती वही चाळिसाव्याला खणातून गेली. आप्पासाहेब पाइप भरायला गेले होते, पण त्यांनी घेतली असती तर जुना नवा हा भेद आपल्याच तोंडाने कशाला सांगितला असता? आदिनाथला उर्दू वाचता येत नाही, आणि वहीत काही उरलेलं नाही हे त्याला माहीत होतं. उरलास तू. तुला वाटलं, वही म्हणजेच सात नंबर. तू कधी बरणी उघडून वास घेतला असतास तरी कळलं असतं तुला. पण तुला तंबाखूची आवड कधी नव्हतीच."

"मग आता तो करतं कोण?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"कैनात."

"अरे!" ते म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे म्हातारपणी सुधारला तो हात हिचा!" आणि मोठ्याने हसले. त्या घरात दीड महिन्यात कुणी हसलं नव्हतं. "उझैरराव, दुकान बंद करायचं डोक्यातून काढा. मी मरेपर्यंत तरी."

उझैर पडद्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही." लहानपणी शाळा सुटल्यावर कुणी न्यायला आलं नाही की व्हायचा, तसा त्याचा आवाज झाला होता. दुकान बंद करायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पडद्याखालून वही आत सरकली. फैयाजने ती पिशवीतच आणली होती. "मामी, चूक झाली," तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता. आला नाही. कागदाचे चार तुकडे केले आणि त्याच वाटेने बाहेर सरकवले. जेवून जा म्हणाले. मामूंचा भाचा आहे, उपाशी कसा पाठवणार?

६

भाद्रपदात माझी इद्दत संपली. सकाळी अंघोळ केली, पांढरी साडी ठेवून दिली, निळी नेसले. कपाट उघडलं. बाटली होती तिथंच होती, तळाला थोडं अत्तर राहिलेलं.

कैनात दुकान उघडायला निघाली होती. तिला हाक मारली आणि राहिलेलं विचारलं.

"तुझे अब्बा माझ्या अत्तराचं कधी बोलायचे का?"

ती दारातच थांबली. "दर जुम्म्याला," ती म्हणाली. "वर येण्याआधी विचारायचे, अम्मीने मोगरा लावलाय का? सुरुवातीला मी म्हणायचे, मी खाली, मला काय माहीत अब्बा. मग म्हणाले, एखाद्या जुम्म्याला तिने नसेल लावला आणि मी मोगरा म्हटलं, तर तिला कळेल. त्यापेक्षा गप्प बसतो. पण विचारणं काही सोडलं नाही त्यांनी."

"आणि तू काय सांगायचीस?"

"तू लावणं सोडल्याचं मला कळलं होतं, अम्मी. पण मी हो म्हणायचे. लावलाय म्हणायचे. वर गप्प बसायचं ठरलेलंच होतं, पण ते खूश होऊन जिना चढायचे."

ती खाली गेली. मी बाटली तिरकी केली, होतं तेवढं सगळं मनगटाला लावलं आणि जिना उतरले. चार महिने दहा दिवसांनी पहिल्यांदा. पायऱ्या जास्त उंच वाटल्या. आदिनाथने दाबाचा दांडा सोडला आणि उभा राहिला. मी त्याच्या शेठच्या स्टुलावर जाऊन बसले. समोर सात नंबरची बरणी, तिच्यावर फक्रुद्दीनच्या हातचा सातचा आकडा. दुकानात अंजिराचा वास होता, काकवीचा होता, थोडी लवंग.

"मोगरा," मी मोठ्याने म्हणाले. "आज मोगरा लावलाय."

"कुणाला सांगतेस?" कैनातने तराजूवरून मान वर करून विचारलं.

"तुझ्या अब्बांना," मी म्हणाले, आणि मग मला रडू आलं.